गणेश चवथीपासून गोळ्या बंद केल्यात, आता मूल हवंय

प्रश्न: डॉक्टरताई, मी डिचोलीची, वय 31. चार वर्षं टाईप 2 डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन चालू होतं. पाळी कधी 40 दिवसांनी येते कधी दोन महिन्यांनी, आणि सहा महिन्यांत तीनदा खाली भयंकर खाज सुटली, दह्यासारखं पांढरं जातं. आता मूल हवंय. सासूबाई म्हणतात गोळ्यांमुळेच दिवस राहत नाहीत, म्हणून चवथीपासून सगळ्या बंद केल्या. काल उपाशीपोटी शुगर 190 आली. काय करू?

उत्तर: अगं, आधी याच आठवड्यात तुझ्या डॉक्टरांना भेट, 190 घेऊन घरी बसू नकोस. सासूबाईंची काळजी कळते, पण मेटफॉर्मिनने दिवस राहायचे थांबत नाहीत, उलट पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर त्याने बऱ्याच जणींची पाळी वेळेवर यायला लागते. तुझी पाळी बघता सोनोग्राफी आणि थायरॉईड करून घे.

खाजेचं मात्र तू बरोबर पकडलंस. डॅपा जास्तीची साखर लघवीतून बाहेर टाकतं, ती साखर बुरशीला खाऊच मिळतो. शुगर वाढलेली असली तरी तेच होतं, म्हणून गोळी सोडूनही खाज थांबेलच असं नाही, तपासून औषध घे. लाजून मेडिकलमधून कसलीही ट्यूब आणून लावत बसू नकोस. आणि दिवस राहायचे असतील तर डॅपा बंदच करतात, पण त्याच्या जागी दुसरं काही देऊन, नुसतं सोडून नाही.

आता हे नीट वाच. बाळाचा मेंदू, मणका, हृदय पहिल्या सहा-आठ आठवड्यांत आकार घेतं, म्हणजे तुला दिवस राहिल्याचं कळेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं, आणि तुझ्या पाळीचा नेम नाही म्हटल्यावर तुला आणखीच उशिरा कळणार. त्या दिवसांत शुगर चढलेली असली तर व्यंगाची आणि गर्भपाताची भीती वाढते. म्हणून तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, एचबीएवनसी, शुगर फार खाली न पाडता जमेल तर 6.5 टक्क्यांच्या खाली आण. 10 च्या वर असेल तर सध्या प्रयत्नच नको, तोवर कंडोम वापरा. फोलिक अॅसिड आधीपासून घ्यायचं, डायबेटिसवाल्यांना बहुतेक 5 मिलीग्रॅम देतात, साधी छोटी गोळी नाही, ते डॉक्टरांना विचारून घे.

इन्सुलिन सांगितलं तर घाबरू नकोस गं. ते वारेतून बाळापर्यंत जवळजवळ जात नाही, गरोदरपणात आमचा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावरच. डोळ्यांचा पडदा आणि किडनी पण आधी बघून घे, गरोदरपणात पडद्याचा त्रास वाढू शकतो.

शीत, म्हणजे भात, बंद करायला मी सांगणार नाही, आपल्याकडे ते कोण ऐकणार! उकड्या तांदळाचं वाटीभर मोजून घे, हुमणातला (माशाच्या कालवणातला) बांगडा आणि भाजी वाढव. नवऱ्याची वीर्यतपासणी पण करून घ्या, सगळं तुझ्याच डोक्यावर कशाला. आणि जाताना घरातली प्रत्येक स्ट्रिप पिशवीत घालून ने, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची असेल तर ती पहिली दाखव, त्यातल्या काही दिवस राहण्याआधीच बदलाव्या लागतात.