टुरिस्ट व्हिसावर सतार: ‘फुकट वाजवतो’ म्हटल्याने भागत नाही

प्रश्न: मी मिरजेचा सतारवादक. शिकवण्या आणि मैफलींवरच घर चालतं. माझ्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा (बी-1/बी-2) आहे. उन्हाळ्यात विश्रांती म्हणून भाचीकडे आयोवातल्या एका छोट्या गावी जायचं ठरलंय. तिने हौसेने गावच्या चौकातल्या बँडस्टँडवर (उघड्या वादनमंचावर) एक संध्याकाळ, लायब्ररीत मुलांना सतारीची ओळख आणि दोन घरगुती बैठकी ठरवल्या. पोस्टरही फिरतंय. बैठकींना पाकीट मिळेल. मित्र म्हणतात, बिदागी घेऊ नका आणि विमानतळावर ‘भाचीला भेटायला आलो’ एवढंच सांगा. चालेल का?

उत्तर: नाही चालणार, आणि मित्रांचे दोन्ही सल्ले सोडून द्या.

पहिला सल्ला बिदागीचा. पैसे घेतले नाहीत की तो कार्यक्रम ‘काम’ ठरत नाही, असं आपल्याकडे बहुतेक कलाकार धरून चालतात. टुरिस्ट व्हिसावर सामाजिक किंवा धर्मादाय कार्यक्रमात विनामोबदला वाजवायची सवलत आहे, पण ती हौशी कलाकाराला. आणि हौशी कोण, हे त्या कार्यक्रमावरून नाही, तर माणसाच्या नेहमीच्या व्यवहारावरून ठरतं. एरवी जो वाजवण्याचे पैसे घेतो, तो अमेरिकेत फुकट वाजवायला तयार असला तरी या सवलतीत बसत नाही. तुमचं तर घरच त्यावर चालतं. व्यावसायिकांसाठी जे अपवाद आहेत, उदाहरणार्थ आपल्या सरकारने पूर्ण खर्चाने पाठवलेला सांस्कृतिक कार्यक्रम, त्यातही तुम्ही येत नाही.

चौकातली संध्याकाळ साधी वाटते. लोक घरून खुर्च्या आणतात, तिकीट नसतं. आयोवात तर गावच्या बँडसाठी कर लावायची मुभा देणारा कायदा 1921 पासून आहे, इतकी ही प्रथा तिथे मुरलेली. पण श्रोत्यांना फुकट असला तरी तो जाहीर कार्यक्रमच. लायब्ररीतला वर्गही त्याच माळेतला. जेवणानंतर भाचीच्या दिवाणखान्यात घरच्यांसमोर यमन वाजवलात तर कुणी विचारणार नाही. मात्र आमंत्रितांची बैठक आणि दाराशी पाकीट, ही घरगुती गोष्ट राहत नाही.

दुसरा सल्ला अधिक घातक आहे. तपासणी अधिकारी तुमच्या हातातली सतारीची भलीमोठी पेटी बघणार आणि विचारणारच. सतार रियाझासाठी नेणं गुन्हा नाही. पण अधिकारी तुमचा फोन तपासू शकतो, आणि पोस्टर नेटवर आहे. नुसता हेतू व्हिसाशी जुळला नाही तर बहुधा व्हिसा रद्द होऊन परतीचं विमान. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी. ती खास माफीशिवाय उठत नाही. भाचीला भेटायला पुन्हा जाता येणार नाही, हे एका पाकिटापायी परवडेल का?

म्हणून या खेपेला कार्यक्रम खरोखर रद्द करा, आयोजकांना तसं लेखी कळवायला भाचीला सांगा. पोस्टर उतरवून बैठक गुपचूप चालू ठेवणं हा उपाय नव्हे. मग निवांत जा, आणि विचारलं तर खरं तेच सांगा.

वाजवायचंच असेल तर पुढच्या उन्हाळ्यासाठी पी-3 व्हिसा बघा. पारंपरिक, सांस्कृतिकदृष्ट्या वैशिष्ट्यपूर्ण कलेसाठीच तो आहे आणि शिकवणंही त्यात येतं, म्हणजे लायब्ररीचं कामही होईल. अर्ज तुम्ही करायचा नाही. तिकडच्या संस्थेने किंवा एजंटने आय-129 फॉर्म भरायचा. नोंदणीकृत मंडळ असेल तर उत्तम. एप्रिल 2024 च्या दरपत्रकात मूळ फी 1015 डॉलर, ना-नफा संस्थेला 510. सोबत करार, तारखांसह कार्यक्रमपत्रिका, तुमच्या परंपरेविषयी जाणकारांची पत्रं आणि तिथल्या कलाकार संघटनेचा अभिप्राय लागतो. मराठी कात्रणांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्या. ढीगभर शाली-श्रीफळांच्या फोटोंपेक्षा दोन नेमकी पत्रं कामाला येतात. अर्ज वर्षभर आधीपर्यंत करता येतो, तेव्हा मार्चपर्यंत थांबू नका. तबलजी इथून नेणार असाल तर त्याचंही नाव अर्जात हवं. अर्ज तिथल्या इमिग्रेशन वकिलाकडूनच करून घ्या.

कराचं थोडक्यात: भारत-अमेरिका करारानुसार त्या वर्षी कार्यक्रमांतून, दौऱ्याचा खर्च वजा जाता, 1500 डॉलरपर्यंतच उत्पन्न झालं तर तिथे कर नाही. तरीही आयोजक 30 टक्के कापून ठेवू शकतो. तो परत मिळवायला तिथलं रिटर्न भरावं लागतं. पावत्या जपून ठेवा.

आता सतारीबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत तरी. वाद्य जुनं असेल तर घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, कशाची आहे ते बघा. सांबराच्या शिंगाची किंवा हस्तिदंताची असेल तर ती सतार या वेळीही नेऊ नका, दोन्हीकडच्या वन्यजीव कायद्यांत अडकाल. मिरजेत कारागिरांना तोटा नाही. कृत्रिम घोडी बसवलेलं साधं वाद्य न्या आणि मुंबईहून निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना त्याच सतारीवर ड्युटी मागितली जाणार नाही.