वैनगंगेकाठी घर पाहणाऱ्या पोरीस

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

भंडाऱ्याला नदीकडच्या वॉर्डात घर पाहते आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. इस्पितळ पायी दहा मिनिटांवर, बाजार त्याहून जवळ, आणि गच्चीवरून वैनगंगा. घरमालकाने तुला सगळ्यात आधी गच्चीवरच नेलं असणार! विकणारा तसंच करतो. आता माझ्यासोबत खाली ये, भिंती पाहू.

तलाठ्याच्या नोकरीत पुराचे पंचनामे पुष्कळ केले. त्यातून एक खोड लागली, कुठल्याही घरी गेलो की नजर आधी वीजमीटरवर जाते. गल्लीतले जुने मीटर छातीच्या उंचीवर आणि काही घरांचे डोक्याच्याही वर बसवलेले दिसले, तर समज की तिथे पाणी येऊन गेलं आहे. कमरेपर्यंतच नवा गिलावा, तेवढ्याच भागाला ऑइल पेंट, खालून फुगलेली दाराची चौकट, हेही बघ. मग कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याला विचार, 2020 ला मोटर कुठवर उचलली होती? तो हाताने उंची दाखवेल. दलाल म्हणेल, इथे कधीच पाणी येत नाही, मॅडम.

2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर तुला आठवत असेल. पाऊस जास्त पडला तो वर, मध्य प्रदेशात. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं, ते खाली आलं, आणि भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला गोसेखुर्दचा जलाशय. धरणाची 33 दारं उघडली तरी वरून येणाऱ्या पाण्याला उतरायला वेळ लागतोच. तेव्हा भंडाऱ्यात आभाळ कोरडं असलं म्हणून दारात पाणी येणार नाही, असं धरून चालू नको. पावसाळ्यात वैनगंगेवरच्या कारध्याच्या पुलाजवळची पातळी किती झाली, हे शहरातली जुनी माणसं उगाच विचारत नाहीत.

पूर नेहमी नदीच्या बाजूनेच येतो, असंही नाही. नदी चढली की शहरातल्या नाल्यांना तोंड राहत नाही. नाल्याचं पाणी उलटं फिरतं, गटारातून वर येतं, न्हाणीच्या जाळीतून घरात शिरतं. म्हणून काठापासून लांब पण नाल्याच्या खोलगटात असलेलं घर आधी बुडतं, आणि घाटाजवळचं उंचवट्यावरचं कोरडं राहतं. इस्पितळ, बाजार, बसस्टँड हे सगळं पावलांनी मोज. नदी मात्र उंचीने मोजायची.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. पण नरखेड तालुक्यातलं मोवाड तुला माहीत असायला पाहिजे. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात त्या एका गावात 204 माणसं गेली. काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचं गाव होतं ते. नदी त्यांच्या ओळखीची होती.

उंचीचं सरकारी उत्तर म्हणजे निळी आणि लाल पूररेषा. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम मंजूर होत नाही. निळी ते लाल या पट्ट्यात होऊ शकतं, पण लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर उंचीवर. नगरपरिषदेतून झोन दाखला, म्हणजे जागा विकास आराखड्यात कुठल्या पट्ट्यात येते त्याचा कागद, आणि भाग नकाशा काढ, आणि पूररेषेबद्दल पाटबंधारे विभागाला लेखी विचार. जुनं घर निळ्या रेषेच्या आत निघालं तर आज राहता येईल, पण उद्या पाडून बांधायचं तर आधीचं बांधकाम अधिकृत हवं, पाटबंधारे विभागाची ना-हरकत हवी, आणि तेही लाल रेषेहून 0.45 मीटर उंचीवरच. ती परवानगी मिळाली नाही, तर तू घराचे पैसे देशील आणि हातात फक्त भिंती येतील. अशा घराचा भाव कितीही पाडून मिळाला तरी मी घेऊ देणार नाही, हे आताच सांगतो.

आता पायी चालण्याचं. सगळं पायी गाठता यावं, ही तुझी अट मला आवडली. गाडी घेऊन हप्ते भरण्यापेक्षा ड्युटीवर पायी जाणं कधीही बरं. पण तू घर पाहिलंस दिवाळीनंतरच्या थंडीत. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारी दोनला तोच रस्ता चालून बघ. आपल्या भागात रस्ता चालण्याजोगा आहे की नाही, हे फुटपाथपेक्षा कडुनिंबावर जास्त ठरतं. मध्ये मुंबई-कोलकाता महामार्ग ओलांडावा लागतो का? रात्रपाळी सुटते त्या वेळी दिवे असतात का, कुत्री किती? तुझी आई तांदळाची चुंगडी घेऊन लाल डब्यातून उतरली की तिच्या गुडघ्यांनी घर किती लांब पडतं, तेही बघ. आणि नागपूरची गाडी पकडायला वरठीलाच जावं लागेल, भंडारा रोड स्टेशन तिथे आहे. ते काही पायी व्हायचं नाही.

एक संध्याकाळ घाटावरही बस. गोसेखुर्दमुळे नदी भरलेली दिसते, छान वाटतं. पण नागपूरच्या नागनदीचं सांडपाणी कन्हानवाटे त्याच जलाशयात येतं, आणि थांबलेल्या पाण्यावर डास होतात. वास आणि डास मोजून मग गच्चीचा भाव ठरव.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ते आपण सोबत बसून पाहणार आहोत. मालक तुला नगरपरिषदेची टॅक्स पावती दाखवेल. ती मालकी नव्हे. आखीव पत्रिका, म्हणजे शहरी जागेचं प्रॉपर्टी कार्ड, माग. तिच्यावर नझूलचा पट्टा, म्हणजे भाडेपट्ट्याने दिलेली सरकारी जमीन, असेल, तर मुदत कधी संपते आणि विकायला परवानगी लागते का, ते आधी. जुन्या वॉर्डातल्या घरांना वारस फार असतात. भावांच्या सह्या पटकन मिळतात, नागपूर-रायपूरला दिलेल्या बहिणींना कोणी विचारतच नाही, आणि मुलींचा हक्क तर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलांइतकाच आहे. सगळ्या बहिणींच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र असल्याशिवाय इसार द्यायचा नाही. वकिलाकडून मालकीच्या जुन्या नोंदी तपासून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घे. त्याची फी वाचवू नको.

रजिस्ट्री तुझ्या एकटीच्या नावाने कर. बाईच्या नावाने घर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. बाबाचं नाव घालायचा आग्रह झाला, तर माझ्याकडे पाठव त्यांना. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण त्या किमतीत सहसा मुद्रांक आणि नोंदणी धरत नाहीत. ते पैसे तुझ्या खिशातून. कर्जासोबत बँकवाले जीवन विमा गळ्यात मारतील. घराचा विमा वेगळा असतो. 2021 पासून भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते, तिच्यात पूर धरलेला आहे. नदीच्या गावात ती पहिल्या वर्षापासून हवी.

फ्लॅट घ्यायचं मनात आलं, तर करार नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त द्यायचं नाही, तसा रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा, कायदाच आहे.

मालक घाई करतो म्हणे, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणतो. असू दे. कायले घाबरतं? आखीव पत्रिकेची नक्कल निघाली की फोटो पाठव, जरा मोठा काढ, माझा चष्मा जुना आहे. आणि बाबाला सांग, धानाचे पैसे आले तरी झोन दाखला हाती येईपर्यंत खात्यातच राहू द्या.

तुझा,
तलाठीकाका