वाचक विचारतात : टीव्हीवर बोलणारा माणूस कोणाचा?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. माझे सासरे रोज रात्री जेवण झालं की वही घेऊन टीव्हीसमोर बसतात, चर्चेत कोण काय बोललं ते तारीख टाकून लिहून ठेवतात. विधानसभेच्या वेळी एक राजकीय विश्लेषक त्यांना फार पटायचे, शांत बोलायचे, आकडे द्यायचे. नंतर कळलं की हे गृहस्थ त्याच दिवसांत एका पक्षाच्या प्रचाराचं काम पैसे घेऊन करत होते. बाबांनी वही कपाटात ठेवून दिली ती अजून काढली नाही. याला काही कायदा नाही का हो?

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, कारण बाबांनी त्या माणसाला मन लावून ऐकलं होतं. एखाद्या पक्षाची बाजू घेणं यात मला काही गैर वाटत नाही. टिळक केसरीत लिहायचे तेव्हा ते कोणत्या बाजूचे आहेत हे वाचकाला पहिल्या ओळीपासून माहीत असायचं, मग पटवून घ्या नाहीतर भांडा. इथे पैसे एका पक्षाचे आणि नावाखाली पट्टी 'राजकीय विश्लेषक', राग त्या पट्टीचा यायला हवा.

कायद्याचं म्हणाल तर शेअर बाजाराकडे बघा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा 2014 चा नियम आहे, रिसर्च अ‍ॅनालिस्ट, म्हणजे शेअरचा अभ्यास करून सल्ला देणारा, टीव्हीवर एखाद्या शेअरबद्दल बोलला तर त्यात त्याचे स्वतःचे पैसे आहेत का हे त्याला सांगावं लागतं. 2021 च्या जानेवारीत सेबीने एका बिझनेस चॅनलच्या अँकरला बाजारात व्यवहार करायला बंदी केली होती, ठपका असा की तो जे शेअर कार्यक्रमात सुचवायचा ते आदल्या दिवशी बायकोच्या आणि आईच्या खात्यावर घेतलेले असायचे आणि कार्यक्रम झाला की विकले जायचे. म्हणजे शंभर रुपयांच्या शेअरबद्दल बोलणाऱ्याला आपला फायदा सांगावा लागतो आणि मत कोणाला द्यावं यावर तासभर बोलणाऱ्याला असं काही सांगायची सक्ती नाही, हे मला अजिबात पटत नाही. प्रेस कौन्सिल आहे पण ती छापील पेपरांपुरती, टीव्ही तिच्याकडे येतच नाही, आणि पेपरालाही ती फक्त समज देऊ शकते, दंड नाही.

पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या वेषात छापलेल्या जाहिरातीचं प्रकरण तर तुमच्या शेजारी दतियातच झालंय. 2008 च्या निवडणुकीतला पेड न्यूजचा खर्च हिशेबात दाखवला नाही म्हणून निवडणूक आयोगाने तिथले भाजपचे आमदार नरोत्तम मिश्रांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, पण कधी, तर जून 2017 मध्ये! तोवर मधे 2013 ची निवडणूक होऊन ते मंत्रीसुद्धा झाले होते. पुढे 2018 मध्ये दिल्ली हायकोर्टाने आयोगाचा तो निर्णयच रद्द केला, त्यामुळे त्यांना दोषी म्हणता येणार नाही. पण दतियाच्या मतदाराने 2008 मध्ये वाचलेली ती बातमी होती की जाहिरात, यावर इतकी वर्षं वाद चालला आणि मत तर त्याने तेव्हाच देऊन टाकलं होतं ना.

बाबांना म्हणावं वही काढा, फक्त एक रकाना वाढवा : हा माणूस पोटापाण्यासाठी काय करतो.

प्रश्न : खासदारांना तरी असे हितसंबंध सांगावे लागतात का?

उत्तर : राज्यसभेत लागतात. तिथे नोंदवही आहे, पगारी डायरेक्टरशिप, कंपनीचा ताबा देणारे शेअर, पैसे घेऊन दिलेला सल्ला असल्या पाच गोष्टी त्यात येतात. लोकसभेत तशी नोंदवही नाही. उमेदवाराचं शपथपत्र मात्र आयोगाच्या साइटवर कोणालाही बघता येतं, त्यात नवराबायको दोघांची मालमत्ता असते, ते वाचाच.

प्रश्न : मी इथल्या एका मराठी अंकात तिघरा धरणाच्या पाण्यावर आणि नगर निगमच्या (महापालिकेच्या) कारभारावर लिहितो. यंदा पाइपलाइनचा एक ठेका माझ्या भाच्याला मिळालाय. माझा त्यात एक पैसाही नाही. लिहू की थांबू?

उत्तर : काका, तुम्ही स्वतःहून विचारलंत याचा मला खूप आनंद झाला, इतकं कोणी विचारत नाही हो. पाण्यावर जरूर लिहा, तुमच्याइतकी माहिती तिथे कोणाला असणार. पण लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात, तळटीपेत नको, सरळ लिहा की या योजनेतलं पाइपलाइनचं काम माझ्या सख्ख्या भाच्याकडे आहे. संपादकांना हे लेख पाठवायच्या आधी फोन करून सांगा. आणि ज्या ठेक्यात भाचा आहे त्याच्या दराबद्दल, कामाच्या दर्जाबद्दल चांगलं वाईट काहीच लिहू नका, तो भाग संपादकांना दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेऊ दे. भाच्याला वाईट वाटेल कदाचित, मामा असून दोन शब्द चांगले लिहिले नाहीत म्हणेल, तेव्हा त्याला जेवायला बोलवा आणि हे पान वाचायला द्या.