पुतण्याचा ड्रोन आणि काकांची ठेव

प्रश्न : वय ६२, खासगी कंपनीतून निवृत्त, लालबागला चाळीत राहतो. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आहेत, त्याला दीड वर्ष झालं. शिवाय ४ लाखांची एफडी. तासगाव तालुक्यातला पुतण्या फवारणीचा ड्रोन घेतो म्हणतोय, त्यासाठी ९ लाख मागतो. दोन वर्षांत मुद्दल परत आणि नफ्यात निम्मा वाटा. सरकार ८० टक्के अनुदान देतं म्हणे. पोस्टातले पैसे काढून देऊ का?

उत्तर : काका, पोस्टातलं खातं मोडू नका. त्यातून ९ लाख तेवढे काढता येत नाहीत. मोडायचं तर अख्खं खातंच बंद करावं लागतं, आणि दोन वर्षं भरायच्या आत बंद केलं तर दीड टक्का कापतात. म्हणजे २२,५०० रुपये पहिल्याच दिवशी गेले. तुम्हाला ८.२ टक्के पाच वर्षांसाठी बांधून मिळालेत, तिमाहीला ३०,७५० येतात. कापून उरलेले ५ लाख ७७ हजार त्याच दराने पुन्हा ठेवता आले असं धरलं, तरी महिन्याचे १०,२५० चे साधारण ३,९४० होतील. एवढ्यात लालबागला महिन्याचा किराणा आणि औषधं भागतील का, ते काकूंना विचारा.

आता ड्रोनचं. ते काही थोतांड नाही. गेल्या श्रावणात वाळवा तालुक्यात मावसभावाच्या बांधावर उभा राहून मी पाहिलंय. ऊस डोक्याच्या वर गेलेला, खाली चिखल, पाठीवर पंप घेऊन आत शिरायला गडी तयार नाही. तिथे एकराला दहा लिटर पाण्यात सात-आठ मिनिटांत काम झालं. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. पण माझं लक्ष पिकअपकडे होतं. मागे जनरेटर धडधडत होता, आणि एक पोरगा दर फेरीनंतर तापलेली बॅटरी फडक्यात धरून उतरवत होता, दुसरी चढवत होता. साडेनऊला वारा सुटला आणि सगळं गुंडाळलं. अकरा एकर झाले होते.

पुतण्याने पाठवलेल्या हिशेबात दिवसाला २५ एकर, वर्षाला २०० दिवस, एकरी ५०० रुपये, असे २५ लाख दाखवलेत. पाऊस, वारा आणि पिकाची वेळ सांभाळून मी ६० दिवस आणि दिवसाला १५ एकर धरतो. म्हणजे ९०० एकर, साडेचार लाख. त्याच्याच कोटेशनमध्ये बॅटरीची जोडी ६५,००० ला आहे आणि आयुष्य ३०० चार्जिंग. एका चार्जिंगला एक एकर धरा, म्हणजे एकरी २१७ रुपये नुसती बॅटरीच खाते. वर्षाला तीन जोड्या, १ लाख ९५ हजार. मदतनीस, गाडीचं डिझेल, जनरेटर यांचे एकरी शंभर, म्हणजे ९० हजार. विमा, पंखे, नोझल, एखादी आदळआपट, असे ५० हजार. हातात राहिले १ लाख १५ हजार. त्यात पुतण्याची मजुरीही भागत नाही, मग तुमचं मुद्दल आणि निम्मा वाटा कुठून येणार?

शिवाय, गावात तीन हजार एकर रान आहे असं तो लिहितो. त्यातली द्राक्षबाग किती? तासगावच्या माणसाला मी हे सांगायला नको, पण मांडवावरच्या वेलीला औषध खालून, घडापर्यंत पोचावं लागतं. ते काम ट्रॅक्टरचा ब्लोअर करतो. ड्रोनचं औषध वरच्या पानांवर पडून राहतं. म्हणजे गिऱ्हाईक उरलं उसाचं आणि सोयाबीनचं. आणि उसात २,४-डी मारताना वारा शेजारच्या बागेकडे वळला, तर? द्राक्षाला त्या तणनाशकाचा वाससुद्धा सोसत नाही. एका बागेची भरपाई द्यायची वेळ आली, तर दोन वर्षांची कमाई त्यातच जाईल. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण उडालेल्या औषधाने झालेलं नुकसान त्यात धरतात का, हे पॉलिसीत वाचल्याशिवाय गृहीत धरू नका.

८० टक्क्यांची गोष्ट नमो ड्रोन दीदी योजनेची. ती महिला बचत गटांसाठी आहे, मर्यादा ८ लाख, आणि यंत्र गटाच्या मालकीचं. पुतण्याला लागू होईल ती कृषी यांत्रिकीकरणाची योजना. अल्पभूधारकाला ५० टक्के, जास्तीत जास्त ५ लाख. इतरांना ४० टक्के, ४ लाखांपर्यंत. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा, पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची, आणि अनुदान खरेदीनंतर खात्यात येतं. विक्रेता 'आधी घ्या, मग बघू' म्हणाला तर तिथून उठावं. भाड्याच्या फवारणीची कमाई शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, धंद्याचं धरतात, हेही त्याला सांगा.

पोराला अगदी रिकाम्या हाताने पाठवू नका. तो दहावी पास असेल तर डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा) मान्यता असलेल्या संस्थेतून रिमोट पायलट प्रमाणपत्र घेऊ दे. ती फी एफडीतून द्या, आणि परत येणार नाही असं समजूनच द्या. एक हंगाम त्याने दुसऱ्याचा ड्रोन पगारावर उडवावा. वहीत रोज किती एकर, किती चार्जिंग, वाऱ्यामुळे किती खाडे, एवढं लिहावं. त्या वहीत दम दिसला तर अवजार भाडे केंद्र म्हणून बँकेकडे जाता येईल. कृषी पायाभूत सुविधा निधीतून व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. कर्ज मात्र त्याच्या नावावर.

बँक जामीनदार मागेल, आणि सातबाऱ्यावर तुमचंही नाव असेल तर पुतण्या पहिला तुमच्याकडेच येईल. तिथे सही करू नका. पोस्टाचं खातं जॉइंट आहे, काकूंची सही लागते, असं सांगून वेळ काढायचा असेल तर खुशाल काढा. आणि प्रशिक्षणाची फी थेट संस्थेच्या खात्यात भरा, पावती तुमच्याकडे राहू द्या.