“मॅडम, सगळ्यांना कळतं, मलाच नाही”

परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने वही काढून माझ्यापुढे ठेवली. डुर्खीम, वेबर, मार्क्स. प्रत्येकाच्या नावाखाली व्याख्या आणि व्याख्येखाली लाल रेघ. “सगळं पाठ करते मॅडम, पण वर्गात तोंड उघडत नाही. विषय बदलू का?”

(तिला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. वही चाळताना एक गोष्ट खटकली: अख्ख्या वहीत एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. समाज माणसांना एकत्र बांधून ठेवतो तो कशाच्या जोरावर, हा डुर्खीमचा ध्यास. तो प्रश्नच ठाऊक नसेल तर ‘यांत्रिक एकता’ (सारखेपणातून येणारी) आणि ‘जैविक एकता’ (एकमेकांवर अवलंबून असण्यातून येणारी) हे नुसते शब्द उरतात, मग ते कितीही घोका. म्हणून मी सांगते, आधी विचारवंताचा प्रश्न आपल्या भाषेत लिहा, त्याखाली स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहा आणि व्याख्या सगळ्यात शेवटी.

तिला मी एक कामही दिलं. आठवडाभर वर्गात कोण बोलतं ते मोजायचं. नावं नाहीत, फक्त खुणा.

ती आली तेव्हा कागदावर बाकांच्या चौकटी होत्या आणि त्यांत पेन्सिलीच्या उभ्या रेघा. बेचाळीस जणांत बोलणारे सहाच. न बोलणाऱ्या नऊ जणांना तिने आपणहून गाठलं होतं. त्यांतले सात जण, तिच्यासारखेच, घरातून कॉलेजात आलेले पहिले. आणि सातही जणांना वाटत होतं, आपल्यालाच कळत नाही.

मग मी तिला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली मांडलेला मुद्दा सांगितला. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर ती त्याची खासगी अडचण. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर उत्तर एकेका माणसाच्या स्वभावात शोधून सापडणार नाही. ती गप्प झाली. मग वहीची पानं भराभर उलटत फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूच्या ‘सांस्कृतिक भांडवला’वर थांबली. घरात मिळालेली भाषा, वावर, पुस्तकांची सवय, यांनाच शिक्षणव्यवस्था हुशारी समजून बसते, असं तो सांगतो. “हे पाठ होतं मला,” ती म्हणाली. “हे माझ्याबद्दल आहे, हे माहीत नव्हतं.”

नऊ जणांवरून काही सिद्ध होत नाही, हेही मी तिला सांगितलं. ‘मीच मठ्ठ’ सोडून तिने ‘सगळा दोष व्यवस्थेचा’ धरून बसावं, असं मला नको होतं. वाचायचं तर तिलाच होतं.

विषय तिने बदलला नाही. त्या परीक्षेत गुण थोडेच वाढले. तीन आठवड्यांत आणखी किती वाढणार? तिसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी तिने वर्गातलं हे मौनच निवडलं आणि प्रश्नावली दाखवायला आली. पहिला प्रश्न दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेला होता.