वडिलांच्या साध्या सायकलला छोटी मोटर बसवता येईल का? लायसन्स लागेल का?

शेत सहा किलोमीटरवर आणि सायकल जुनी, रॉड ब्रेकची, असं तुम्ही लिहिलंय. मोटर बसते. मी परभणीत सायकली दुरुस्त करतो, अशा सायकली कायम हातात येतात. पण माझं ऐकाल तर मोटरच्या आधी ब्रेककडे बघा. रिम वाकडी नको, ब्रेकचे रबर नवे टाका. वडील एरवी दहा-बाराच्या वेगाने जात असतील, आता वीसच्या पुढे जातील, आणि वर बॅटरीचं वजन.

लायसन्सचं सांगतो. मोटर 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल तर नियमाने ते मोटार वाहन धरत नाहीत. मग नोंदणी नाही, लायसन्स नाही. नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवेत, हेही त्याच नियमात आहे. शिवाय हे मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेलं लागतं, म्हणून किट घेताना तो कागद मागाच. 350 वॅटची मोटर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

पुढच्या चाकातली हब मोटर बसवायला सोपी, पण तिथे एक गोष्ट जिवावरची आहे. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा तिचा आस उलटा फिरायला बघतो. नट जरा ढिला असला की आस चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, खाचेतून निसटतो, वायर पिळून तुटते आणि चाक निखळतं. म्हणून आसाच्या चपट्या भागावर घट्ट बसणारी लोखंडी पट्टी घालून तिचं दुसरं टोक चिमट्याला आवळायचं. त्याला टॉर्क आर्म म्हणतात. किटमध्ये नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याची करून घ्या. चिमटा गंजलेला असेल तर आधी तो बदला.

बॅटरी 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची घ्या. थोडं पायडल मारलं तर जाऊन-येऊन बारा किलोमीटर आरामात होतात, वाट खराब असली तरी. लेड-ॲसिड स्वस्त, पण फार जड. जमलं तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, उन्हाला ती जास्त टिकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, तेव्हा बॅटरी बांधावर उन्हात ठेवू नका आणि घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, आधी गार होऊ द्या. ती कॅरियरवर न बांधता फ्रेमच्या मधोमध बसवा, म्हणजे सायकल डोलत नाही.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं. तेव्हा थ्रॉटल पिळत बसायचं नाही, उतरून चिखल काढायचा. जाम चाकावर जोर दिला की मोटर आणि तिला वीज सोडणारा कंट्रोलर दोन्ही तापून जळतात. वडिलांना हे पहिल्याच दिवशी दाखवून द्या.