घंटा वेळेवर, खड्डे एप्रिलात

पुण्यातल्या सेवा-क्लबांच्या पदाधिकाऱ्यांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी चार या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या रोटरी क्लबची साप्ताहिक बैठक मंगळवारी साडेसातची. सुरू व्हायला सव्वाआठ होतात, वक्ते ताटकळतात, हजेरी एक-तृतीयांशावर आली आहे. काय बदलावं?
(सचिव, कोथरूड)

साडेसातला येणारा सभासद सध्या पाऊण तास नुसता बसून राहतो. दोन-तीन महिन्यांत तोही सव्वाआठला येऊ लागतो आणि पुढे येईनासा होतो. म्हणून समोर पाचच माणसं असली तरी घंटा वेळेवर वाजवा. कर्वे रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीतून साडेसात गाठणं अवघडच असेल तर वेळ पावणेआठ करा, पण मग ती पाळा. चहा-नाश्ता अर्धा तास आधी मांडा, जेवण शेवटी ठेवा. गप्पांना त्यात भरपूर जागा मिळते.

मधला तास असा बसतो : राष्ट्रगीत आणि स्वागत ५ मिनिटं, सचिवांच्या सूचना ५, वाढदिवस वगैरे ५, वक्त्यांची ओळख २, भाषण २५, प्रश्न १०, आभार ३. पाचेक मिनिटं हाताशी उरतात. वक्त्यांना वेळ आठवडाभर आधी लेखी कळवा आणि पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवायचं काम सार्जंटकडे, म्हणजे बैठकीची शिस्त सांभाळणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे, द्या.

गाडी नेहमी रुळावरून घसरते ती सचिवांच्या सूचनांपाशी. एखाद्या उपक्रमाचा खर्च निघतो, कुणी हरकत घेतं, आणि वीस मिनिटं तिथेच जातात. पैशांचे निर्णय महिन्यातून एकदा होणाऱ्या संचालक मंडळाच्या बैठकीत घ्या; साप्ताहिक बैठकीत ते दोन वाक्यांत सांगायचे. इतिवृत्तात भाषणाचा सारांश लिहीत बसण्यापेक्षा प्रत्येक निर्णयाची एक ओळ लिहा : काय, कोण, कधीपर्यंत, किती रुपये. पुढची बैठक याच ओळी वाचून सुरू करा.

ताटांचा घोळही हजेरीइतकाच क्लबला पोखरतो. हॉलवाल्याला पंचवीस ताटांची हमी द्यायची आणि जेवायला बारा, असं चार वेळा झालं की वर्गणी वाढते आणि वर्गणी वाढली की माणसं गळतात. सोमवारी दुपारपर्यंत होकार घ्या, आणि हमी होकारांपेक्षा दोन-तीन ताटांनी कमीच द्या. ऐनवेळी ताटं वाढवून मिळतात, कमी करून मिळत नाहीत. होकार देऊन न आलेल्याकडून ताटाचे पैसे घ्या, आणि हा नियम अध्यक्षांनाही लावा.

दर आठवड्याला हॉलमध्ये बसलंच पाहिजे असंही आता नाही. २०१६ पासून रोटरीने क्लबांना महिन्याला किमान दोन बैठकांची मुभा दिली आहे. दोन बैठका हॉलमध्ये आणि एक उपक्रमाच्या जागी घेऊन पाहा. नव्या सभासदाला पहिल्याच महिन्यात एक ठरावीक काम द्या. नुसता क्लबचा बिल्ला लावून मागच्या रांगेत बसवलेला माणूस टिकत नाही.

प्रश्न : आम्ही दर १५ ऑगस्टला रक्तदान शिबिर घेतो. यंदा नाव नोंदवलेल्यांपैकी बरेच जण तपासणीतच परत गेले. लोक नाराज झाले. आमचं काय चुकलं?
(प्रकल्पप्रमुख, सहकारनगर)

निकष लोकांना शिबिराच्या टेबलावर कळले, ही पहिली चूक. ते आठवडाभर आधी निरोपात जायला हवेत : वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आधीच्या रक्तदानाला पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस झालेले, वर्षभरात टॅटू काढलेला नसावा, प्रतिजैविकांचा कोर्स संपून दोन आठवडे झालेले असावेत. सकाळच्या शिबिरात उपाशीपोटी येणारेही बरेच असतात. ‘नाश्ता करून या’ हे मोठ्या अक्षरांत लिहा. हिमोग्लोबिन कमी भरलेल्याला नुसतं परत पाठवू नका. आकडा कागदावर लिहून द्या आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा. यात स्त्रियाच जास्त असतात आणि अनेकींना आपला आकडा पहिल्यांदाच कळतो.

तारखेबद्दल मात्र स्पष्ट सांगतो : १५ ऑगस्ट बदला. त्या दिवशी जागोजागी शिबिरं असतात. लाल पेशी योग्य द्रावणात ४२ दिवस टिकतात, म्हणजे १५ ऑगस्टचं रक्त २६ सप्टेंबरपर्यंत. प्लेटलेट तर पाचच दिवस. एका दिवशी ढीगभर पिशव्या आल्या तर गरज नसलेल्या वाया जातात. पुण्यात रक्ताची टंचाई होते ती मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि निम्मं शहर गावी गेलेलं असताना. तारीख ठरवताना मागे मोजा. २६ जानेवारीला रक्त दिलेला पुरुष २६ एप्रिलला पुन्हा देऊ शकतो, शिवजयंतीला म्हणजे १९ फेब्रुवारीला दिलेला २० मेला. त्यामुळे मेचा शेवटचा रविवार सर्वांत सोयीचा.

रक्तकेंद्राला आधी विचारा : किती पिशव्या घेऊ शकाल, आणि घटक वेगळे करायची सोय आहे का? प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर रक्त साधारण सहा ते आठ तासांत केंद्रात पोचावं लागतं, म्हणून सकाळी ९ ते १ ही वेळ धरा. एका खाटेवर तासाला तीन-चार दाते होतात. रांग तुंबते ती खाटांपाशी नाही, फॉर्म आणि डॉक्टरांच्या टेबलापाशी. तिथे जादा माणूस मागा आणि दात्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून द्या.

भोवळ बहुतेकांना खाटेवर येत नाही. उठून चहाकडे चालताना किंवा जिन्यात येते. म्हणून जागा तळमजल्यावर घ्या, खाणंपिणं त्याच खोलीत ठेवा, खुर्च्या पाठीच्या असू द्या आणि दात्याला पंधरा मिनिटं उठू देऊ नका. भोवळ आलीच तर आडवं करून पाय वर घ्या.

महागड्या भेटवस्तू वाटू नका, त्यांच्या ओढीने माणूस आजार लपवतो. तपासण्यांचे निकाल रक्तकेंद्र दात्याला गुप्तपणे कळवतं. ती यादी क्लबने मागू नये.

प्रश्न : पालख्यांच्या पुणे मुक्कामी आम्ही पोहे-केळी वाटतो, पण खूप उरतं. दुसरं काय करता येईल?
(सभासद, नाना पेठ)

नाना पेठेत आणि भवानी पेठेत त्या दोन दिवसांत खाण्याची वानवा नसते. वारकऱ्यांची अडचण पायांची आणि आंघोळीची असते. चपला शिवणारे दोन कारागीर, फोडांवर मलमपट्टी, तेल लावून पाय चोळणं, मोबाइल चार्जिंगची पट्टी, आणि बायकांसाठी शौचालयं-न्हाणीघरं असलेली एखादी शाळा किंवा मंगल कार्यालय रात्रभर उघडं, एवढं पुष्कळ आहे. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा, पेल्यात अंदाजाने नको. गोळ्या फक्त डॉक्टरांच्या हातून.

प्रश्न : टेकडीवर गेल्या पावसाळ्यात शंभर रोपं लावली. मार्चमध्ये बहुतेक वाळलेली दिसली. माती खराब आहे का?
(अध्यक्ष, पाषाण)

माती थोडी आणि खाली मुरूम, हे आपल्या टेकड्यांचं स्वरूपच आहे. रोपं वाळतात ती ऑक्टोबरनंतर पाणी न मिळाल्याने. हिशेब करा : प्रत्येक रोपाला आठवड्याला ५ लिटर धरलं तर शंभर रोपांना ५०० लिटर लागतं. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेतले तर पन्नास फेऱ्या. दहा जण आले तर प्रत्येकी पाच. हे ऑक्टोबर ते मे, आणि दोन वर्षं. दर रविवारी दहा जण जमत नसतील तर वीसच रोपं लावा.

दुसरी अडचण वर्षाच्या गणिताची. रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवे अध्यक्ष पदग्रहण आटोपून रोपांकडे वळतात तेव्हा पहिले चांगले पाऊस होऊन गेलेले असतात. खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावेत, दोन फूट लांब-रुंद आणि तेवढेच खोल. म्हणजे हे काम होऊ घातलेल्या अध्यक्षांनी मार्चमध्येच हाती घ्यायचं. पालखीच्या तयारीचंही तसंच.

टेकडी वनविभागाची की महापालिकेची, ते पाहून लेखी परवानगी घ्या. गिरिपुष्प आणि गुलमोहर नकोत. बहावा, पळस, काटेसावर, सालई, धावडा, कडुनिंब लावा. उघडं गवताळ रान मोकळंच राहू द्या, जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथेच राहतात. रोपाची पिशवी फाडून पूर्ण काढून घ्या. नुसती चीर देऊन लावलं की मुळं आतच गोल फिरत राहतात. आळ्यात वाळलेल्या गवताचा जाड थर द्या. मात्र फेब्रुवारीच्या आत रोपाभोवतीचं उभं गवत हातभर अंतरापर्यंत काढा आणि आळ्यातला गवताचा थर मातीने झाका, कारण वणवे त्यानंतरच लागतात. प्रत्येक रोपाला क्रमांकाची पट्टी बांधा आणि जानेवारी व जूनमध्ये जिवंत रोपं मोजून तो आकडा क्लबच्या इतिवृत्तात लिहा. नवी रोपं किती आणायची, ते जूनच्या आकड्यावरून ठरवा.